खजुरावर चढणाऱ्याचा पट्टा

११ फेब्रुवारी

लफ्ताच्या कंबरेखालची जखम पुन्हा ओली झाली आहे. सकाळी चासिबने खांदे धरले, मी पाय धरले आणि त्याला कुशीवर वळवलं. "हळू रे, मी काय झाहदी खजुराचं पोतं आहे?" लफ्ता म्हणाला. मी म्हटलं, पोतं बरं, पोत्याला चहा लागत नाही. बोलून गेल्यावर वाईट वाटलं. पण तोच हसला.

रियाम फोनवर म्हणाली, "आई, रोज मला तेच ते सांगण्यापेक्षा लिहून काढ. लिहिल्यावर हलकं वाटतं." लेक झुबैरला सासरी सुखात आहे, तिला सल्ले सुचतात. मला अजून तरी हलकं वाटलेलं नाही. हात मात्र दुखायला लागला.

१४ फेब्रुवारी

लफ्ता माझा मोठा दीर. म्हणायला दीर, खरं तर तो, माझा नवरा चासिब आणि मी सख्खी चुलत भावंडं, अबुल खसीबच्या एकाच अंगणात वाढलो. दोघं भाऊ लहानपणापासून खजुरावर चढणारे. गेल्या काढणीला हाजी मुहसिनच्या बागेत लफ्ता पडला. तेव्हापासून कंबरेखाली त्याचं स्वतःचं असं काही राहिलं नाही. बायको आधीच गेली, मुलगे बगदादला. म्हणून तो आमच्या पुढच्या खोलीत.

मला एकच गोष्ट खाते. त्याचा चढायचा पट्टा, तब्लिया, तुटला नव्हता. पाठीमागचा रुंद पट्टा शाबूत, खोडाभोवतीचा तारेचा फास शाबूत. पाय घसरला, अंग ढिलं पडलं आणि लफ्ता पट्ट्याखालून निसटला. पिशवीचा तळ उसवल्यावर कांदा निसटतो तसा. तब्लिया वर झाडालाच लटकत राहिला, माणूस खाली आला. त्या दिवशी संध्याकाळी चासिबच वर चढून तो काढून घेऊन आला. तेव्हापासून तो पडवीत खुंटीवर आहे. कोणी हात लावत नाही.

आज मी तो खाली काढून मशीनच्या टेबलावर ठेवला. गाड्यांच्या सीटच्या खोळी शिवून माझा जन्म गेला. ज्या बैठकीला खाली आधार नाही ती बैठकच नव्हे, एवढं मला कळतं. पाठीला पट्टा आहे, मांड्यांना काहीच नाही. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? की आलं आणि अल्लाहवर सोडलं?

१९ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडून जुन्या गाड्यांचे सीटबेल्ट आणले, मांड्यांचे दोन पट्टे करून तब्लियाला जोडले. अंगणातल्या तुळईवरून वाळूचं पोतं बांधून सोडलं. पहिल्याच झटक्याला पट्टा फाटला.

टाके तुटले नाहीत. मी टीप आडवी मारली होती, त्या टिपेच्या ओळीवरच पट्टा फाटला, टपालाचं तिकीट फाडावं तसा. सुईने भोकं पाडून मीच त्याला फाटायची वाट दाखवली. शिवाय जुने बेल्ट उन्हाने करपलेले. वरून काळेभोर, आतून राख.

लफ्ता खिडकीतून बघत होता. म्हणाला, "पोत्याची मान मोडली. दफन करा बिचाऱ्याला."

२० फेब्रुवारी

वीज नाही. शिवण नाही. कपडे धुतले.

२७ फेब्रुवारी

नर झाडांचे फुलोरे फुटले. आता प्रत्येक मादी झाडावर चढून पराग टाकायला हवा, नाहीतर यंदा घडात नुसत्या पोकळ गोट्या. हाजी मुहसिन दाराशी आले. हाजी भले आहेत, पण दारात उभं राहण्याची त्यांची एक तऱ्हा आहे, ते गेल्यावरही दार भरलेलं वाटतं.

"अबू रियाम, बाग वाट बघतेय," ते रियामच्या बापाला म्हणाले.

"वारा आहे, हाजी," चासिब म्हणाला. "पराग उडून कुवेतला जाईल."

वारा होता खरा. पण शेजारचा हातिफ त्याच वाऱ्यात चढत होता. परवा चासिबची पाठ धरली होती. त्याच्या आधी फुलोरे नीट सुकले नव्हते.  माणूस भावाचं मलमूत्र काढतो आहे, त्याला आळशी कसं म्हणू? पण मनात आलंच.

५ मार्च

ट्रकवर माल आवळायचे नवे पट्टे आणले. दणकट आहेत. माझी सुई मोडली, दुसरी घातली, तीही मोडली, मग तंबू शिवायची आणली. आता टीप आडवी नाही, पट्ट्याच्या लांबीने नागमोडी मारते. वाळूचं पोतं दोनदा सोडलं. टिकलं.

मग मी स्वतःच पट्टे चढवले, स्टुलावर उभी राहिले आणि स्टूल पायाने ढकललं. या वयात, या देहाने. लटकले! तुळई करकरली, पट्टा गप्प. उतरायला मात्र चासिबला हाक मारावी लागली. तो आला, मला तशी लटकलेली पाहिली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला कंबरेत धरून त्याने खाली ठेवलं आणि तडक बाहेर निघून गेला.

मला राग आला. बायको एवढं करते, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

लफ्ताला विचारलं, पट्टा कसा वाटला. तो म्हणाला, "पट्टा बरा आहे, फख्रिया. माणसाकडे बघ."

बरोबर आहे त्याचं. मी स्वतःच्या मापाने बेतला होता. चासिबच्या मांड्या आणि कंबर मोजून घ्यायला हवी.

११ मार्च

माप घेतलं. तो उभा राहिला, शिंप्यापुढे लहान मूल उभं राहतं तसा. दोन्ही मांड्या गेल्या वर्षीपेक्षा बारीक झाल्यात. नीट खात नाही.

पट्टा तयार आहे आणि रोज नवी तक्रार आहे. काचतो. बकल वाजतं. दुसरे चढणारे म्हणतील अबू रियामने लंगोट बांधला. दुसऱ्या फासाने चढायला वेळ लागेल. (दुसरा फास मी यासाठी लावला आहे की एक फास वर सरकवताना दुसरा खोडाला असावाच.) मी प्रत्येक तक्रार सोडवते, तो दुसरी काढतो. बकलला कापडाची खोळ शिवली. काचतो म्हणाला तिथे गादी घातली. आज म्हणाला, रंग फार भडक आहे.

"रंग!" मी म्हटलं. "झाडाला काय वरात घेऊन जायचंय?"

"तुझी शिवण चांगली आहे," तो म्हणाला. "तुझ्या शिवणीबद्दल मी काही बोललो का?"

मग कशाबद्दल बोलतो आहेस, बाबा? विचारणार होते, तेवढ्यात लफ्ताने पाणी मागितलं.

१६ मार्च

आज चढला.

हाजींनी काल निरोपच धाडला होता, चासिबला जमत नसेल तर ते करमत अली गावाकडचा माणूस बघतील. सकाळी तो उठला, तब्लिया उचलला. मीही मागोमाग गेले. बागेत बायकांनी उभं राहू नये असं काही नाही, आम्ही पडलेले खजूर वेचत आलोच आहोत.

हातिफ पलीकडच्या झाडाखाली होता. ओरडला, "वा अबू रियाम! नवरदेव सजला!"  चासिबने मांड्यांचे पट्टे बांधले, मी ओढून पाहिले. त्याच्या कपाळावर घाम होता. ऊन अजून चढलंही नव्हतं.

चढायला लागला. तोच जुना चासिब. मागे रेलून, फास झटक्याने वर, पाय तोडलेल्या झावळीच्या खुंटावर, पुन्हा फास वर. माझ्या छातीत कसं भरून आलं. निम्म्याच्या वर गेला आणि थांबला. मला वाटलं दम घेतोय. थांबूनच राहिला. मग त्याने खोडाला मिठी मारली. झाडावर चढणारा कधी खोडाला मिठी मारत नाही, मिठी मारली की पाय सुटतात. सुटलेच. तो पट्ट्यात लटकला.

पट्टा टिकला. टीप टिकली. मी आधी तेच पाहिलं, देवाशपथ, आधी टीप पाहिली आणि मग नवरा.

"चासिब! पाय टेक!"

 लटकत राहिला, चेहरा खोडात खुपसून. हातिफ आपल्या झाडावरून उतरला, याच्या झाडावर चढला, खालून त्याचे पाय एकेक करून खुंटावर ठेवले. "हा ठेव. आता हा. शाबास. आता फास." असं करत करत खाली आणला. खाली आल्यावर चासिबला उभं राहता येईना. पायांत मुंग्या, मांड्यांवर निळे वळ.

"पाय घसरला," तो म्हणाला.

मी बघत होते. घसरलेला मला दिसला नाही. पण मी खाली होते, ऊन डोळ्यांवर होतं.

१७ मार्च

चूक सापडली. मांड्यांचे पट्टे अरुंद आहेत. लटकलं की रक्त अडतं, पाय मेल्यासारखे होतात. म्हणून त्याला पाय टेकता आले नाहीत. बिचारा! आणि मी खालून ओरडत होते.

हातिफ संध्याकाळी विचारपूस करायला आला. दोघं अंगणात बसले, पण मी चहा घेऊन गेले तेव्हा गप्प झाले. निघताना हातिफ मला म्हणाला, "उम्म रियाम, तुमच्या पट्ट्याने त्याला पडू दिलं नाही. पण उतरूही दिलं नाही. मी जवळ नसतो तर?"

हे मला सुचलंच नव्हतं. पडण्याची भीती घेऊन मी बसले, उतरण्याचा विचारच केला नाही.

हाजींनी करमत अलीकडचा माणूस आणला.

१८ मार्च

थकले. लफ्ताची चादर, भात, मशीन, पुन्हा चादर. आज दुपारी क्षणभर मनात आलं, तो त्याच दिवशी गेला असता तर. लिहिलं. रियाम म्हणते लिहिल्यावर हलकं वाटतं. नाही वाटलं. त्याच्यासाठी मासा तळला, काटे काढून दिले.

२ एप्रिल

पट्टे रुंद केले, आत गादी घातली. लटकणाऱ्याला पाय ठेवून उभं राहता यावं म्हणून दोरीची एक रिकीब जोडली, घोड्याच्या खोगिराला असते तशी. आता प्रश्न उतरवण्याचा.

यात लफ्ताचं डोकं खूप चाललं. पडल्यापासून इतकं बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं. त्याचं म्हणणं, वर पोचलं की शेंड्याखाली एक पट्टा गुंडाळायचा, त्याला कडी. कडीतून दोर ओवून एक टोक चढणाऱ्याच्या छातीशी, दुसरं जमिनीवर. खालच्या माणसाने दोर शेजारच्या खोडाला दोन वेढे देऊन धरायचा. वरच्याला भोवळ आली तर हळूहळू सोडायचा.

"आणि त्याचे स्वतःचे फास?" मी विचारलं. "ते खुंटांत अडकतील की."

लफ्ताने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "फासांच्या कड्यांना खिळा कर. खिळ्याला बारीक दोरी, ती खाली. पण खिळा असा की फासावर वजन असेपर्यंत तो हलायचाच नाही. खालच्या दोराने वजन उचललं, फास सैल पडला, की मगच ओढून सुटेल."

"आणि कोणी उगाच ओढलं तर? वरचा जरा सैल उभा असताना?"

"म्हणून खालचा माणूस भरवशाचा हवा."

चासिब उंबऱ्यात बसून ऐकत होता. "लोहाराकडे मी जातो," म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने स्वतःहून काही अंगावर घेतलं.

२१ एप्रिल

तीनदा लोहाराकडे. पहिला खिळा वजनाखालीही सुटला, दुसरा वजन काढल्यावरही सुटेना. तिसरा जमला. चासिब दिवसभर पोती लटकवतो, दोर सोडतो, पोती उतरवतो. आपलं अंगण म्हणजे बंदर झालंय.

एक मात्र मला टोचतं. आता एका झाडाला दोन माणसं लागणार. एक वर, एक खाली नुसता उभा. बागवाले हसतील. मी लफ्ताला म्हटलं, एक माणूस फुकट जाणार. तो म्हणाला, "फुकट जाणार नाही." आणखी विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं.

४ मे

हातिफला पट्टा घालायला तयार केलं. म्हणजे त्याच्या बायकोने केलं. साजिदा त्याला माझ्यादेखत म्हणाली, "तू पडलास तर मी तुला उचलणार नाही. उम्म रियामसारखी मी चांगली बाई नाही." मी चांगली बाई! वर अठरा मार्चला लिहिलेलं तिने वाचावं.

हातिफ म्हणाला, "ठीक आहे. पण दोर अबू रियाम धरणार असेल तरच."

मी चासिबकडे पाहिलं. मला वाटलं अपमान वाटेल. अबुल खसीबमध्ये ज्याच्याइतकं भरभर कोणी चढत नव्हतं, त्याने खाली गुराख्यासारखा दोर धरायचा? पण तो लगेच म्हणाला, "धरतो." एवढ्या लगेच की हातिफही चपापला.

९ जून

घड वाकवून झावळ्यांना बांधायचे दिवस. उकाडा असा की कावळेही पायी चालतात. करमत अलीकडचा माणूस गेल्या आठवड्यात काम सोडून गेला, म्हणून हाजींची बाग पुन्हा चासिबकडे, जोडीला हातिफ. इतर चढणारे टिंगल करतात. "हातिफ, आई दोर धरून आहे ना रे?" "अबू रियाम, जरा सैल सोड, पोराला खेळू दे!" चासिब वर बघत राहतो. मान इतकी वर की रात्री दुखते, मी तेल लावते.

मी आज विचारलं, "तू कधी चढणार? पट्टे आता रुंद आहेत, पाय मरणार नाहीत."

"मग दोर कोण धरेल?"

"कोणीही. दोर धरायला काय लागतं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी भाकऱ्या उलटायला वळले. माझं काय चुकलं कोण जाणे.

२६ जून

आज पट्ट्याची खरी परीक्षा झाली.

मी जेवण घेऊन बागेत गेले होते. भेंडीचं कालवण आणि गार ताक. हातिफ शेंड्याशी होता, घड बांधत होता, खाली काहीतरी बोलत होता. बोलणं मध्येच तुटलं. विळा खाली पडला. मग त्याचं डोकं मागे कलंडलं, हात दोन्हीकडे सुटले. उन्हाची भोवळ. जुन्या तब्लियात असता तर लफ्तासारखाच निसटला असता. निसटला नाही. मांड्यांवर बसल्यासारखा तिथेच, मान टाकून.

माझ्या हातातलं भांडं पडलं. मी माणसांना हाका मारल्या.

चासिब मात्र हलला नाही. म्हणजे घाबरून नाही. पाय रोवून दोर ताणला, वजन घेतलं, मग मला म्हणाला, "फख्रिया, बारीक दोरी. मी सांगेन तेव्हा." शांतपणे, मीठ दे म्हणतात तसं. मी दोरी धरली. "आता." ओढली. वरचा खिळा सुटला. "दुसरी. आता." तीही सुटली. फास मोकळे झाले, हातिफ झाडापासून दूर हेलकावला आणि दोराला लटकला.

मग चासिबने त्याला उतरवायला सुरुवात केली. दोराचा एक वेढा हेलकाव्यात घसरून निघाला होता, सगळा भार त्याच्या हातांवर. तरी त्याने घाई केली नाही. तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटत होता. जवळ गेल्यावर मला ऐकू आलं. "मी आहे. खाली बघू नकोस. मी आहे. खाली बघू नकोस." हातिफ बेशुद्ध होता, त्याला कसं ऐकू येणार? पण तो म्हणत राहिला, हातिफचे पाय गवताला टेकेपर्यंत, आणि टेकल्यावरही.

तोवर हाकेसरशी माणसं धावली. सावलीत नेलं, पाणी ओतलं. हातिफने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "विळा कुठाय?"

टिंगल करणाऱ्यांपैकी एक जण पट्टा हातात घेऊन टिपा बघत होता. मी म्हटलं, "लांबीने मारल्यात, आडव्या नाहीत." त्याने मान डोलावली. जाताना हळूच म्हणाला, "माझ्या मापाचा होईल का?"

२८ जून

हातिफ हिंडाफिरायला लागला. साजिदा गैमरची दाट साय आणि मध घेऊन आली, माझ्या गळ्यात पडून रडली. सगळ्यांना पट्टे हवेत. कापडवाल्याकडे सांगून ठेवलं आहे. माझी कंबर काही इतके पट्टे शिवायच्या लायकीची राहिलेली नाही, पण बघू.

चासिबचे दोन्ही तळहात सोलून निघाले आहेत. दोर कातडीसकट गेला. परवा कोणाला बोलला नाही, मुठी मिटून बसला होता. काल भाकरी तोडता येईना तेव्हा मला कळलं. आज सकाळी लफ्ताच्या खाटेपाशी बसवून मी पट्टी बदलली. लफ्ता त्याचं मनगट धरून होता.

मी चासिबला दम दिला. "हे भरून येईपर्यंत झाडावर चढायचं नाव काढायचं नाही. हाजी आले, कोणीही आलं, तरी नाही. ऐकलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लफ्ताकडे. आणि हसायला लागला. लफ्ताही. दोघं भाऊ असे हसले की खाट हलायला लागली. एवढं गमतीचं मी काय बोलले, काही कळलं नाही.

"नाही चढत," चासिब म्हणाला. "नाही चढत, फख्रिया." हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि थांबेचना. हात बांधलेले, पुसताही येईना. मीच ओढणीने पुसलं.

मलम जरा जास्तच झोंबतं वाटतं.